बघायला आलेली माणसं

मार्गशीर्ष लागला की मला माणसांचा तिटकारा येतो. एरवी या दिवसांतलं सगळं मला आवडतं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, त्यांतल्या ओलीवर उगवलेलं लाखोरीचं हिरवं पीक, खळ्यावरच्या भाताच्या तणसाचा कोरडा, उबदार वास, वैनगंगेवरून येऊन अंगणात रेंगाळणारं धुकं. वडशाच्या बाजारात नाटक कंपन्यांच्या गाड्या उभ्या असतात, रिक्षावरचा भोंगा नटांची नावं ओरडत फिरतो, भिंतींवर खळ न वाळलेली पोस्टरं चिकटलेली असतात. पण याच दिवसांत कुणाच्या तरी ओट्यापुढे नेहमीपेक्षा जास्त चपला दिसतात. आतून चहाच्या कपबश्यांचा आवाज येतो आणि मला कळतं, आत कुणीतरी मरायला टेकलं आहे आणि माणसं त्याला बघायला आली आहेत.

बघायला. शब्दच पाहा आपला. आजाऱ्याला आपण भेटत नाही, बघतो. मुलगी बघतो, बैल बघतो, जत्रेतला दोन तोंडांचा साप बघतो, तसाच मरणारा माणूस बघतो. आणि बघून झालं की पदराला, धोतराला हात पुसून घरी जातो.

माझे सासरे तुळशीराम गेले तो असाच हिवाळा होता. ऐंशीच्या दशकातला. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता, नव्या कचेऱ्यांना नव्या पाट्या लागत होत्या आणि जो तो पुढारी विकासाच्या गोष्टी करत होता. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींचं घर वडशाला लागून असलेल्या गावात. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते शेतकरी असत, आणि दिवाळी झाली की नट. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी आयुष्यभर दुष्ट माणसं रंगवली. सावकार, कपटी दिवाण, सुनेला छळणारा सासरा. गावोगावच्या बायका बोटं मोडून त्यांना शिव्या देत, आणि त्या शिव्या ते घरी येऊन आत्याबाईंना मोठ्या अभिमानानं ऐकवत. मी वडशाच्या शाळेत शिकवायची. सुनेला मास्तरीण होऊ देणारा सासरा त्या काळात आमच्या गावात दुसरा नव्हता.

त्या वर्षी दसऱ्यापासूनच त्यांचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, तालमीनं. मग गळ्याला उजवीकडे गाठ आली, घास अडकायला लागला. चंद्रपूरला नेलं, चंद्रपूरनं नागपूरला धाडलं. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, सुधाकरला, व्हरांड्यात बोलावलं. मीही मागोमाग गेले. डॉक्टर आमच्याशी बोलत नव्हते, समोरच्या भिंतीशी बोलत होते.

"कॅन्सर आहे. फार उशीर केलात. इथं ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा."

"सेवा म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

एखाद्या खुर्चीनं तोंड उघडावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे… चांगलं खाऊपिऊ घाला. आनंदात ठेवा. आणि त्यांना काही सांगू नका, खचतील."

ज्याच्या गळ्यातून पाण्याचा घोट धड उतरत नव्हता त्याला खाऊपिऊ घालायचं होतं. आनंदात ठेवायचं होतं. एवढी मोठी विद्या शिकून शेवटी माणसाच्या हाती एवढंच लागत असेल, तर ती शिकायची तरी कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं.

छोट्या लाइनच्या गाडीनं आम्ही परतलो. मामाजी खिडकीशी बसले होते. नागभीड मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणे डाक्टर?"

"सूज आहे बाबा. उतरंल हळूहळू," सुधाकर म्हणाला. बोलता बोलता तो पिशवीचे बंद बांधत-सोडत राहिला.

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुधाकर, तुयासारख्याले मी कंपनीत पडदा ओढायले बी ठेवलं नसतं."

आणि पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं.

घरी आल्यापासून बघणाऱ्यांची रीघ लागली. खळ्यावर बैल फिरवून धान चुरायचं काम सुरू होतं, तरी लोकांना सवड होती. मामाजींची खाट पडवीत टाकली होती, म्हणजे सगळ्यांना सोयीचं. येणारा आधी नाकाला रुमाल लावायचा, कारण गाठ फुटली होती आणि वास येत होता. मग तो खाटेवरच्या माणसाला ओलांडून आम्हाला विचारायचा, "जेवतेत का? झोप लागते का? शौचाले साफ होते का?" समोर माणूस पडलेला, डोळे टक्क उघडे, कान शाबूत, आणि त्याच्या पोटाची चौकशी त्याच्या सुनेकडे. मग चहा. मग धानाला यंदा काय भाव निघेल, यावर चर्चा.

आत्याबाईंचे मावसभाऊ नामदेवराव रोजच येत. "काई नाई होत दाजी," ते मोठ्यानं म्हणाले, "आमच्या साळ्याले अशीच गाठ होती."

"मंग?" मामाजींनी विचारलं.

"मंग काय… गेला बिचारा. पण त्याचं येगळं होतं."

दुसऱ्या एका बाईनं माझ्या कानाशी लागून, पण पडवीभर ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं की स्टेजवर जन्मभर लोकांना छळलं, खोटं बोलले, म्हणून देवानं गळाच धरला. म्हणजे दिवाणाचं काम केल्याची शिक्षा कॅन्सर. या हिशेबानं राजाचं काम करणाऱ्याला राज्य मिळायला हवं होतं. तो आमच्याच गावात बिड्या वळत होता.

एक दूरचे नातेवाईक दारातूनच हंबरडा फोडत आले. ते गेल्यावर मामाजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "तिसऱ्या अंकातलं रडणं पहिल्याच अंकात केलं बुवानं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सांग या लोकाईले, खोटं बोलायचं असंल तं स्टेजवर बोला. तिकीट लावून."

पण मामाजींना हसू येईनासं झालं ते दुखण्यानं. कानापर्यंत ठणका जायचा. टॉवेलचा बोळा दातांत धरून ते पडून राहत, कपाळावर त्या थंडीतही घाम. गावातला खासगी डॉक्टर येऊन सलाईन लावून जाई. आमच्या भागात सलाईन हे औषध नव्हतं, तो तीर्थाचा प्रकार होता. बाटली खुंटीला टांगली की बघणाऱ्यांना बरं वाटे. "इलाज चालू आहे," असं म्हणत ते समाधानानं घरी जात. ठणका जागच्या जागी राही.

मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांकडे गेले. म्हटलं, दुखणं थांबेल असं काहीतरी द्या. नागपूरला मी ऐकलं होतं की असं औषध असतं.

"असतं," ते म्हणाले, "पण आमच्याकडे येत नाही. आणि देऊही नये. त्याचं व्यसन लागतं."

मी घरी येऊन मामाजींना ते शब्द सांगितले, कारण मला ते एकटीला पचत नव्हते. त्यांनी तोंडातला बोळा काढला.

"लागू दे ना मंग," ते म्हणाले. "पुढच्या जन्मी सोडीन म्हणा."

काही वर्षांपूर्वी मला नागपूरला एका परिसंवादाला बोलावलं होतं. विषय होता, मरणासन्न रुग्णांची सेवा आणि शोकग्रस्त कुटुंबांना आधार, देशभर ही व्यवस्था कशी सुधारता येईल. मोठं हॉटेल, खुर्च्यांना पांढरे झगे, टेबलांवर गुलाब. एका वक्त्यानं सांगितलं की पाश्चात्त्यांना अशा संस्थांची गरज पडते, आपलं भाग्य की आपल्याकडे कुटुंब आहे. टाळ्या पडल्या. मला 'कुटुंबीयांचे मनोगत' सांगायचं होतं. मी उठून एवढंच विचारलं, की ते दुखणं थांबवणारं औषध आज आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळतं का, आणि या सभागृहातल्या किती जणांनी आपल्या बापाची जखम स्वतःच्या हातानं धुतली आहे. सूत्रसंचालकांनी माझी वेळ संपल्याचं सांगितलं. जेवण मात्र उत्तम होतं. पनीर, दोन गोड पदार्थ. मरणावर बोलल्यानं भूक चांगली लागते, हे मी त्याआधीही पाहिलं होतं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी मामाजींना चमच्यानं पेज भरवत होते. आत्याबाई खळ्यावर गेल्या होत्या, सुधाकर धान्याची पोती पाहायला. उन्हाची तिरीप खाटेवर आली होती. दोन चमचे गेले, तिसरा त्यांनी हातानं थांबवला.

"सूनबाई, तू मास्तरीण आहेस. पोराईले खोटं शिकवत नसशीन. सांग मले. मी वाचत नाई ना?"

सुधाकरनं मला शपथ घातली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं. नामदेवरावांनी तर बोललीस तर पाप लागेल असं सांगितलं होतं. मी चमचा वाटीत ठेवला.

"नाही मामाजी. बरं व्हायचं नाही आता."

ते खचले नाहीत. कुणी खचतं असं मी त्यानंतरही फारसं पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि खांदे खाली सोडले. ओझं उचलून धरलेल्या माणसानं ते खाली ठेवावं तसे.

"हं," ते म्हणाले. "असं सांगाचं असते. मंग आता गोप्याले बोलाव."

गोपाळभाऊ वैनगंगेपलीकडच्या एका गावचे. पूर्वी नाटकांत बायकांची कामं पुरुष करत, तेव्हा मामाजींसमोर वर्षानुवर्षं नायिका म्हणून हेच उभे राहत. पुढे कंपन्यांनी स्त्री कलाकार आणल्या आणि गोपाळभाऊंची कामं गेली. त्यांची अपेक्षा होती की तुळशीरामनं मालकाला सांगावं, गोपाळला निदान दुसरं काही काम तरी ठेवा. मामाजी गप्प राहिले. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. घरात गोपाळभाऊंचं नावही निघत नसे.

मी निरोप धाडला. ते सायकलवर आले. उतारवयातही केसांना तेल लावून मधोमध भांग, भुवया कोरलेल्या, चालण्यात नायिकेची लकब अजून शिल्लक. पडवीत येऊन त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. खाटेकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, "काय अवतार केला बे तुळशा! दाढी तरी करत जा."

मामाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. "गोप्या, तवा मी मालकाले बोलाले पायजे होतं."

"पायजेच होतं," गोपाळभाऊ म्हणाले. "तवा आवाज होता तं बोलला नाई. आता बोलून राह्यला, तं आवाज नाई."

ते खाटेच्या कडेला बसले. तेही रडत होते आणि मध्येच मला सांगत होते की चहात साखर जास्त घाल. ते हट्टी होते, नखरेल होते, जेवणाला नावं ठेवायचे. पण ते राहिले. रोज सकाळी गाठीभोवतीची जागा सांभाळून मामाजींची दाढी करायचे, कोमट पाण्यानं आम्ही दोघं जखम धुवायचो, आणि मग दोघं म्हातारे जुन्या नाटकांवरून भांडायचे. कुणी कुणाचा प्रवेश खाल्ला, कोणत्या गावी कुणाला जास्त टाळ्या पडल्या. सुधाकर नागपूरहून दुखण्याच्या काही साध्या गोळ्या घेऊन आला होता. त्या कुटून पेजेत घालायचो. ठणका जात नव्हता, पण भांडण रंगलं की थोडा मागे सरायचा.

ते भांडण झालं नसतं, जर मी डॉक्टरांचं ऐकलं असतं. 'सांगू नका' म्हणणारे लोक आजाऱ्याला दुःखापासून वाचवत नाहीत. ते त्याच्या डोळ्यांकडे पाहण्याच्या कष्टापासून स्वतःला वाचवतात.

पौषात मामाजींना धाप लागायला लागली. एका दुपारी नामदेवराव जीप घेऊनच दारात आले. सोबत चार कर्ते पुरुष. "दाजींले चंद्रपूरले नेऊ," त्यांनी जाहीर केलं. "असं घरी ठेवलं तं लोक काय म्हणतीन? पोरानं बापाले दवाखान्यातबी नाई नेलं."

"डॉक्टरांनीच घरी न्या म्हटलं," मी म्हणाले.

"डाक्टर काईबी म्हणो. आपल्याले तोंड दाखवायचं आहे लोकाईत."

त्या पाचांपैकी एकानंही खाटेकडे पाहिलं नव्हतं. खड्ड्यांच्या रस्त्यावरून, जीपमध्ये, फुटलेल्या गळ्यानं तो माणूस चंद्रपूरपर्यंत कसा जाणार, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. तो वाटेत गेला असता तरी चाललं असतं. प्रयत्न केला, असं सांगता आलं असतं. त्यांना मामाजी वाचायला नको होते, त्यांना बोल लागायला नको होता.

सुधाकर चप्पल घालत होता. लोकांसमोर त्याचं कधी चाललं नाही. दोघांनी खाटेच्या पायांना हात घातला, तसे गोपाळभाऊ जाऊन खाटेवर बसले, चांगले मांडी घालून. मी दारात उभी राहिले.

"त्यांना विचारा आधी," मी म्हटलं. "जायचं त्यांना आहे."

"बायकोले आवर सुधाकर," नामदेवराव म्हणाले.

मामाजींनी हात थोडा वर केला. सुधाकर वाकला. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, पण ते बोलले फक्त त्याच्याशी.

"मले हलवू नोको गा, बेटा. लय दुखते."

दुखतं, असं त्यांनी मुलाला तोपर्यंत एकदाही सांगितलं नव्हतं. मुलगा त्यांच्याशी खोटं बोलत होता आणि ते मुलाशी. सुधाकर तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला आणि म्हणाला, "मामा, जीप वापस न्या."

"लोक म्हणतीन—"

"म्हणू द्या."

जीप गेली. सुधाकर खाटेजवळ जमिनीवर बसला, बापाच्या हातावर कपाळ टेकून. "बाबा, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"माहीत आहे," मामाजी म्हणाले. "लय वाईट बोलला."

सुधाकरला रडता रडता हसू फुटलं. त्या संध्याकाळी बापलेक पहिल्यांदा बोलले. बांधावरच्या मोहाच्या झाडाचं, बैलाचं, नदीकाठच्या वावराचं. आणि शेवटी मामाजी म्हणाले, "तुया मायच्या बांगड्या फोडू नोको देजो. तिले रंग लय आवडतेत."

ते गेले भर दुपारी. खळ्यावर बैल फिरत होते, हाकणाऱ्याचा आवाज येत होता. आत्याबाई त्यांचे पाय चेपत होत्या, गोपाळभाऊ कापसानं ओठ ओले करत होते, सुधाकरच्या मांडीवर डोकं होतं. धाप लांबत लांबत गेली आणि पुढची आलीच नाही. आत्याबाई तरीही बराच वेळ पाय चेपत राहिल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही.

अंत्यविधी आटोपला आणि बायका आल्या. कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला. एकीनं येताना पदरात दगड आणला होता. दुःखात धावून जाणं म्हणतात ते हेच असावं, हत्यारासकट. सुधाकर पुढे झाला. आयुष्यभर लोकांना भ्यालेला तो माणूस बायकांच्या घोळक्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बाबांनी नाई म्हटलं आहे."

"मेलेल्याचं कोन आयकते?" दगडवाली म्हणाली.

आत्याबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "हात मायेच हायत," त्या म्हणाल्या. "बांगड्या फोडायच्या असतीन तं मी फोडीन. तुमी जा."

बायका गेल्या. गावभर वर्षभर आमच्या घराला नावं ठेवत राहिल्या. आत्याबाईंच्या हातात हिरव्या बांगड्या राहिल्या.

तेरवीला मात्र सगळे आले. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं, हे मला तिघांनी सांगितलं. नाटक कंपनीचा मालक एकदाही बघायलासुद्धा आला नव्हता. त्यानं भाषण केलं, झाडीपट्टीची कधी न भरून येणारी हानी झाली म्हणून. त्याच आठवड्यात त्यानं मामाजींच्या जागी दुसरा दिवाण उभा केला होता. नवा दिवाण पंगतीत बसून बुंदी खात होता.

आणि चौदाव्या दिवसापासून सामसूम. मरणापर्यंत ज्यांना सवड होती त्या सगळ्यांना एकाएकी कामं आठवली. सुधाकर चौकात दिसला की लोक म्हणत, "पोरगा खंबीर आहे." खंबीर म्हणजे काय, तर तो बोलत नव्हता. सकाळी उठून पडवीतल्या रिकाम्या जागेकडे पाहत बसायचा आणि मग न जेवता शेतात जायचा. पण खंबीर म्हटलं की विचारपूस करावी लागत नाही. आत्याबाईंसमोर तर कुणी मामाजींचं नावच काढत नसे. आठवण येईल म्हणे. जणू त्या विसरल्या होत्या आणि लोकांनी नाव घेतल्यावर त्यांना कळणार होतं. त्या दिवसभर बोलायच्या नाहीत. सवयीनं ताटं मांडायच्या, एक ताट परत उचलायच्या, आणि मी तिकडे पाहिलं नाही असं दाखवायची.

गोपाळभाऊ तेवढे आले. वडशाच्या बाजाराच्या दिवशी, सायकलवर. अंगणात बसले, चहा मागितला, चहाला नावं ठेवली. आत्याबाई उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे जमिनीवर. गोपाळभाऊंनी एकदम सुरुवात केली.

"तुळशा मोठा हरामखोर होता, वहिनी."

मी दचकले. सुधाकर कुदळ ठेवून उभा राहिला. गेलेल्या माणसाबद्दल असं कुणी बोलत नाही. गेलेला माणूस देवमाणूसच असावा लागतो.

"आरमोरीकडं एकदा मले साडीतच सोडून गेला. कंपनीची गाडी सुटून राह्यली होती, मी तोंडावरचा रंग पुसत होतो. हा वर चढून बसला अन् मले हात करून राह्यला. चार कोस चाललो मी, नववारीत. एक सायकलवाला तं मले बाईच समजून डबलसीट बसवाले लागला. बसलो. अन् आवाज काढला तं सायकलसकट नालीत!"

आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला, त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडू आलं. मी उठायला लागले. पण त्यांनी तोंडावरचा पदर काढला तेव्हा त्या हसत होत्या. हसताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. सुधाकर पायरीवर येऊन बसला.

"होता खरा," आत्याबाई म्हणाल्या. "मलेबी लग्नानंतर टेसनावर इसरून आला होता."

"काय सांगता वहिनी!"

"हो तं. घरी गेल्यावर सासूनं इचारलं, सून कुठी हाय?" त्यांनी पाय पसरले, गोपाळभाऊंकडे सरकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "चहा ठेव ना बाई अजून. याले सांगतो मी, कसा होता तो."